काट्याचमच्यांची शिकवणी

ज्वारीच्या भाकरीत उभा रोवलेला काटा... आणि सुरी लावताच ताटातून उडून थेट आबांच्या पागोट्यावर बसलेला तुकडा — लहानपण आठवलं की आधी हेच दिसतं, मागोमाग ठेच्याचा वास येतो.

पोलिस ॲक्शन होऊन संस्थान गेल्याला वर्ष-दोन वर्षं झाली होती. दादा विलायतेला शिकायला निघालेला. तिथल्या मेजावर शोभा होऊ नये म्हणून आबांनी करीमचाचांना बोलावलं. चाचा एका जहागीरदाराच्या कोठीवर खानसामा होते, गोऱ्या साहेबांच्या मेजवान्या सांभाळलेले. कोठी बंद झाली नि ते घरी बसले. धुऊन धुऊन विरलेल्या शेरवानीत हर्सूलहून पायी येत, ओसरीच्या पायरीवरूनच शिकवत. "छोटे मियाँ, कांटा भालेके जैसा नक्को पकडो." दादाला काही जमेना. दाराआडून मला मात्र सगळं पाठ — रुमाल मांडीवर, घास तोंड मिटून, मीठ मागायचं ते इंग्रजीतून. लई शहाणी होते मी.

चाचांचा चहा माझ्याकडं असे. कोनाड्यात कान तुटलेला एक वेगळा कप होता. मी वरून, विटाळ नको म्हणून धार तोडत ओतायची. त्यांनी तो स्वतः विसळून पालथा घातला, की ही शहाणी पुन्हा त्यावर पाणी ओतायची. कुणालाच काही वाटत नसे. हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय.

शेवटच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम झाली. आबा नि दादा मेजाशी, आई वाढायला, चाचा पायरीवर. मला मिरवायचं होतं. मी पुढं होऊन चाचांना त्यांनीच शिकवलेलं वाक्य फर्मास इंग्रजीत ऐकवलं — तुम्हीही आमच्याबरोबर बसा ना.

आईचा डाव पातेल्यातच थांबला. आबा ताटात बघू लागले.

चाचांनी छातीवर हात ठेवला, किंचित झुकले. "नो, थँक यू. आय हॅव ईटन." मग हळूच, "शाब्बास बेटी. बिल्कुल सही बोले."

सकाळीच घरून निघालेला माणूस, जेवलोय म्हणाला. आमची अब्रू झाकली त्यानं. आणि मी? उच्चार बरोबर आले म्हणून फुगले, नि नेहमीसारखा चहा आणला... त्याच कपात.

परवा नातू परदेशी निघाला. जेवता जेवता हॉटेलात बोलायची वाक्यं मोबाइलवर घोकत होता. मी दोन सुधारली. "आजी, शिकवलं कुणी तुला?"

"करीमचाचांनी."

"मग ते तुमच्याकडंच जेवायचे?"

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि ठेचा हवा का विचारलं. म्हणून हे लिहिलं.