खारीचं पोतं

निंबाचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. त्या वेळी सुरतेच्या भाजी मार्केटात कांद्याचे ट्रक लागत, आणि निंबा तिथं हमाल होता. उठला की तो आधी पाणी प्यायचा. मग पाठ भिंतीला टेकवून जरा वेळ उभा राहायचा. पाठ सरळ झाली की निघायचा. चहा पहिल्या ट्रकनंतर. पोट भरलेलं असलं की वाकताना श्वास अडतो, असं तो नव्या हमालांना सांगायचा.

पोतं मानेवर घेऊ नये. पाठीच्या वरच्या अंगाला घ्यावं, उठताना श्वास सोडावा, पावलं आखूड टाकावीत, आणि बोलू नये. निंबा बोलायचा नाही. पोतं पाठीवर आलं की त्याला शिंदखेड्याजवळचं आपलं गाव दिसायचं, आणि गावातलं आपलं धाबं.

लाकडी सऱ्यांवर काड्या, काड्यांवर मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी; असं ते सपाट छप्पर. खारी म्हणजे नाल्याकाठची पांढरी, खारट माती. ती नीट पसरली तर पाणी आत येत नाही. निंबाची बायको प्रमिलाबाई दर उन्हाळ्याच्या शेवटी ती स्वतः खणून आणायची, धाब्यावर पसरायची आणि त्यावरच झोपायची. सगळं गावच वर झोपायचं. चांदण्यात पांढरी धाबी एकमेकांना लागून अशी दिसत, जणू तापीचं पाणी गावावर चढून तिथंच थांबलं आहे. निंबा कांदे वाहायचा आणि त्या पाण्यावरून चालत जायचा. तेवढा वेळ पाठीवर काही नसायचं.

मुलगा समाधान लहान असताना निंबानं प्रमिलाबाईला एकदा सुरतेला आणलं होतं. चाळीतली खालची खोली. अंथरुणं घातली आणि वर कुणीतरी चालू लागलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"हाई कोन चालस मन्हा डोकावर?" ती उठून बसली.

"वरला भाडेकरू शे."

"त्याले सांगा, बठ म्हना."

"त्यानी खोली शे वं ती. तो चालसच."

ती बसूनच राहिली. सकाळी तिनं बोचकं बांधलं. "जठे डोकावर दुसराना पाय, तठे मी नही ऱ्हानार," एवढं म्हणाली आणि मुलाला घेऊन गाडीत बसली.

निंबानं वाद घातला नाही. त्या दिवसापासून त्याला कळलं, आपण कशासाठी वाहतो ते. वर कुणी नसलेलं घर. मजुरीतले पैसे साठत गेले, वर्षं गेली. समाधान मोठा होऊन सुरतेलाच कापडाच्या लूमवर लागला. शेवटी डिंडोलीच्या पलीकडे, नव्या सोसायटीत, निंबानं बैठं, लहानसं घर घेतलं. गावी फोन केला.

प्रमिलाबाईनं एकच विचारलं, "वर काय शे?"

"आभाळ."

"मंग येस मी."

समाधान आईला घ्यायला गेला. उधना स्टेशनावर निंबा आणि त्याच्या बरोबरीचा हमाल मगन उतरवून घ्यायला उभे होते. भांडी उतरली, पाटा उतरला, मग एक पोतं. मगननं हात लावला आणि सोडला.

"वहिनी, आख्खं गाव पोतामा भरी लई उन्यात का?"

"आई ऐकतच नाही," समाधान ओशाळून म्हणाला. "डब्यातली माणसं हसत होती."

निंबानं पोतं पाठीवर घेतलं. कांदा पाठीवर सरकतो, धान्य बसतं. हे हललंही नाही. ही माती होती.

"खारी शे?" त्यानं विचारलं.

"खारी शे. नवा घरवर काय टाकसू मंग?"

"तठे सिमेंटना स्लॅब शे, समाधाननी माय."

"ऱ्हाऊ द्या. सिमेंट उघडं बरं दिसत नही."

जन्मभर दुसऱ्यांची पोती वाहिली. हे पहिलं घरचं. निंबानं ते मगनला दिलं नाही. रिक्षापर्यंत स्वतःच नेलं.

स्लॅबवर जायला जिना नव्हता. भिंतीला लोखंडी शिडी होती. प्रमिलाबाईचा गुडघा दुखायचा, तरी ती दोन्ही हातांनी गज धरत वर गेली. समाधाननं घमेली वर दिली. तिनं सगळी खारी हातानं पसरली. संध्याकाळपर्यंत घराला पांढरा माथा आला आणि ती प्रथमच हसली.

पण गावच्या धाब्यावर खारीला खाली माती भेटते, ती धरून ठेवते. सिमेंट काही धरत नाही. दुसऱ्या दिवशी खाडीकडून वारा सुटला आणि बरीच खारी उडून शेजारच्या कांताबेनच्या वाळवणावर गेली.

"अरे मौसी, ये क्या!" कांताबेन पापडाची ताटली घेऊन दारात आली. "पापड में नमक हम खुद डालते हैं!"

मगन असता तर हसला असता. प्रमिलाबाई हसली नाही. ती पुन्हा शिडी चढली, उरलेली खारी झाडून गोळा केली, पोत्याचं तोंड बांधलं. उतरताना गुडघ्यानं दगा दिला. निंबानं खालून धरलं म्हणून बरं. त्यानंतर ती वर गेली नाही. आतल्या खोलीत पडायची आणि छताकडे बघत राहायची. वर कुणी चालत नव्हतं. तरी झोप नव्हती.

"कानबाईले मी गावले जास," एक दिवस म्हणाली. श्रावणात गावी घरोघरी कानबाई देवी बसवतात, त्या सणाला अजून बरेच महिने होते. निंबाला कळलं, ती परत येणार नाही.

"आते डोकावर कोन शे?" त्यानं विचारलं.

"कोनी नही. पन मी बी नही ना वर."

निंबा हमाली सोडणार होता. मगनला सांगूनही झालं होतं. सोडली नाही. आणखी एक कांद्याचा हंगाम तो पहाटे तीनला उठला, पाठ भिंतीला टेकवली, पहिल्या ट्रकला लागला. पाठ आता लवकर सरळ होत नव्हती. दुपारी घरी येऊन विटा आणि रेती स्वतः वाहायचा. गवंड्यानं घराबाहेरून जिन्याच्या पहिल्या पायऱ्या बांधल्या. निंबा त्या चढून गेला, उतरला आणि म्हणाला, "फोड."

"काका, सगळीकडे एवढीच उंची असते."

"सगळीकडे तिचा गुडघा नसतो. चढताना श्वास लागला तर तो जिना नव्हे. फोड."

पायऱ्या बुटक्या झाल्या, त्यामुळे जिना लांबला आणि कांताबेनच्या भिंतीपर्यंत गेला. तिनं आपलं वाळवण पलीकडे सरकवलं. वर निंबानं कोपऱ्यात विटांचा बुटका चौकोन घातला, पोतं सोडलं, खारीत भुसा आणि पाणी कालवून पायांनी तुडवली आणि चौकोनात दाबून बसवली. खाटेएवढी जागा झाली. ती वाळून पांढरी पडली. वारा आला, गेला. काही उडालं नाही.

संध्याकाळी प्रमिलाबाई कठडा न धरता वर गेली. खारीवर बसली, तळहात फिरवला, मग आडवी झाली. दूर गाड्यांचे आवाज होते, पण ते खूप खाली होते. आभाळ राखाडी होत होतं. तिच्या पाठीखालची तेवढी जागा उजळत गेली, तापीसारखी. निंबा जिन्याच्या वरच्या शेवटच्या पायरीवर बसून होता.

"कानबाईले जास म्हनत होतीस."

"आठेच बसाडू," ती डोळे मिटून म्हणाली. "वर या ना. तठे काय बठनात?"

घर त्याच्या सगळ्या वर्षांच्या मजुरीचं होतं. शेवटच्या हंगामाची मजुरी या जिन्याला लागली.