सोजरबाईचा उजवा हात

आमच्या सोलापूरच्या कोर्टात कुणी नवा वकील कामगार-भरपाईचं पहिलं प्रकरण घेऊन आला, की त्याच्या हातात कायद्याचं पुस्तक देण्याआधी मी त्याला सोजरबाईची गोष्ट सांगतो. पुस्तक त्याला पुढे वाचता येतंच. सोजरबाई पुस्तकात सापडत नाही.

बाई मूळच्या वैरागच्या. हाडापेरानं दणकट, आवाज घागर आपटल्यासारखा, आणि डावखुऱ्या. जेवायचं, कुंकू लावायचं, देवाला फूल वाहायचं ते उजव्या हातानं. मारायचं ते डाव्या. कामाची अशी चोख वाटणी मी फार थोड्या संसारांत पाहिली आहे.

नवरा मानसिंग. त्याचा बैल बसला तरी बायकोला मार आणि उठून पळाला तरी बायकोला मार. सहा वर्षं सोजरबाईनं आसुडाचे वळ अंगावर घेतले. सातव्या वर्षी एका सकाळी ती मिरच्या कांडत असताना त्यानं मागून केस धरून तिला उखळावर आपटलं. कपाळ फुटलं. बाई उठली, मुसळ डाव्या हातात घेतलं आणि एकच ठेवून दिला. मानसिंगच्या गळपट्टीचं हाड मोडलं. मोडल्याचा आवाज शेजारच्या तीन घरांनी ऐकला, आणि तिन्ही घरांतल्या बायकांनी त्या दिवशी गोडाचं केलं म्हणतात. मिरचीचा हात तसाच डोळ्यांना लावत सोजरबाई चालत निघाली ती सोलापुरात येऊन गिरणीत लागली.

गिरणीत तिच्या वाट्याला रद्दी खातं आलं. तिथे सुताचा गुंता आणि रद्दी कापूस फोडणारं एक यंत्र होतं. आत बोटभर लांबीच्या पोलादी दातांचा रूळ गरगर फिरायचा. जे घालावं ते गिळायचा, म्हणून बायका त्याला म्हसोबा म्हणत. रुळावर चार बोल्टांनी बसवलेलं लोखंडी झाकण होतं. ते होतं म्हणूनच खात्यातल्या बायकांचे हात हाताच्या जागी होते.

खात्याचा मुकादम रुद्रप्पा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि तोंडात शिव्या. बायकांची हजेरी मांडताना तो खुशाल खोटं बोले. देवाच्या बाबतीत मात्र त्याच्यासारखा सच्चा माणूस अख्ख्या गिरणीत नव्हता. दर खंडेनवमीला तो म्हसोबाची पूजा मांडायचा. त्याची रीत ठरलेली होती. झाकण काढायचं, रुळाला हळद-कुंकू वाहायचं, आणि तेच झाकण उलटं करून त्यात नारळ आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद मांडायचा. एकदा मांडलेली पूजा उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायची नाही.

एकोणीसशे सव्वीस साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, गिरणी सुरू झाली. झाकण अजून कोपऱ्यात नारळ घेऊन बसलेलं.

सोजरबाई म्हणाली, "मुकादम, म्हसोबा उघडा हाय की. झाकण घाला."

"पूजा मोडू व्हय? तू चालव. देव बघतोय."

"देव बघतोय खरं, पर हात माझा जातोय त्याचं काय?"

"लई बोलतीस. चालव, न्हाय तर वैरागची वाट धर."

तिसऱ्या प्रहरी सुताचा गुंता अडकला. तो सरकवायला सोजरबाईनं उजवा हात पुढे केला. सुताचा एक फास मनगटाला बसला आणि रुळानं तो ओढला. किंकाळी ऐकून खात्यातलीच शरणम्मा धावली तेव्हा म्हसोबाच्या दुसऱ्या तोंडातून पांढऱ्याऐवजी लाल कापूस बाहेर पडत होता. पट्टा उतरवून यंत्र थांबवीपर्यंत बोटं, तळवा, सगळं दातांत गेलं होतं. तेवढ्यातही सोजरबाईनं डाव्या हातानं रुद्रप्पाच्या थोबाडीत दिली. मग ती बेशुद्ध पडली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

डॉक्टरांनी मनगटाच्या वर चार बोटं हात कापला. ती खाटेवर असतानाच वैरागहून मानसिंगचा निरोप आला: "आता ये घरी. आता तुला एक हात हाय, मला दोन हायत. जुना हिशेब करू."

हा निरोप आणणाऱ्याला सोजरबाईनं उशी फेकून मारली. पण तो गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. गिरणीनं हजेरीतून तिचं नाव कमी केलं होतं, आणि एका हाताच्या बाईला सोलापुरात काम कोण देणार? भरपाई मिळाली तरच तिला तिथे राहता येणार होतं. नाही मिळाली, तर वैरागचं ते उखळ तिची वाट बघत होतं.

तिचं प्रकरण घेतलं कमलाकरपंतांनी. पंत आमच्यात सर्वांत विद्वान आणि सर्वांत भित्रे. चपराशानं जोरात हाक मारली तरी त्यांच्या हातातले कागद पडत. त्यांनी कायदा उघडून समजावलं, "बाई, उजवा हात कोपराखाली गेला तर शंभरात साठ धरतात. डावा गेला तर पन्नास."

"म्हंजे मारायचा हात सोस्त, आन् जेवायचा म्हाग?"

"कायद्याला तुम्ही डावखुऱ्या आहात हे ठाऊक नाही."

"त्याला ठाव न्हाय. रुद्रप्पाला हाय."

"तेच सांगतोय! कोर्टात हात उचलायचा नाही. तोंडही नाही. गिरणीचं म्हणणं असं, की झाकण दसऱ्यालाच बसवलं होतं आणि तुम्ही ते मुद्दाम काढलंत. कामगारानं संरक्षक झाकण मुद्दाम काढलं असं ठरलं, तर एक पै मिळत नाही."

सुनावणीच्या दिवशी शरणम्माला काहीच आठवेना. नोकरी तिलाही होती. बाहेर लिंबाखाली मानसिंग बैलगाडी जोडून बसला होता. निकाल लागला की बायकोला घालून न्यायची, म्हणून गाडीत दोरीही आणली होती.

रुद्रप्पा पिंजऱ्यात उभा राहिला. "दसऱ्याच्या सांजच्याला माझ्या हातानं झाकण घातलं. चार बोल्ट पिळले."

पंतांनी उलटतपासणी सुरू केली. बोल्ट किती जाड, पाना कुणाचा, आटे उजवे की डावे. रुद्रप्पा फडाफड उत्तरं देत होता. पंतांच्या कपाळावरून घाम कागदावर गळत होता. गिरणीचे वकील खुर्चीत आरामात मागे रेलले. अर्ध्या तासात प्रकरण मेल्यातच जमा झालं.

पदरानं तोंड दाबून बसलेली सोजरबाई अखेर फुटली.

"दसऱ्याला उचललंस? उत्तरपूजा न करता? देवाचा परसाद लाथाडून बोल्ट पिळलास व्हय रे, पाप्या!"

"बाई, गप्प बसा!" जज्जसाहेब ओरडले. पंतांनी डोळे मिटून घेतले.

पण रुद्रप्पा जज्जांकडे बघतच नव्हता. मागे त्याचे भजनातले सोबती बसले होते आणि ते एकमेकांकडे बघत होते. त्याच्या विभूतीचे पट्टे रागानं आकसले.

"कोण पापी? तीस वरसं पूजा मांडतो मी! उत्तरपूजा न करता हात लावीन? कोजागिरीला आरती केली, नारळ फोडला, परसाद वाटला, मंगच झाकण उचललं! विचारा की ह्या समद्यास्नी!"

मागचे सगळे समाधानानं माना डोलवू लागले. गिरणीच्या वकिलांची खुर्ची पुढच्या दोन पायांवर आली.

जज्जसाहेबांनी लेखणी उचलली. "कोजागिरीला?"

"व्हय साहेब!"

"आणि अपघात एकादशीचा. कोजागिरी पौर्णिमेला असते."

रुद्रप्पानं बोटांवर तिथ्या मोजल्या. पाचव्या बोटाशी त्याचं तोंड उघडं राहिलं. पंत अजून डोळे मिटूनच होते. त्यांना हलवून जागं करावं लागलं आणि आपण जिंकलो हे सांगावं लागलं. त्या उलटतपासणीची कीर्ती पुढे बार्शीपर्यंत गेली.

साठाच्या हिशेबानं भरपाई मंजूर झाली. आज सोजरबाई गिरणीच्या फाटकासमोर चुरमुरे-फुटाणे विकते. एका हातानं मापून देता येतात. खंडेनवमीचा प्रसाद रुद्रप्पा तिच्याकडूनच घेतो, आणि माप कमी भरलं तरी बोलत नाही.

पण निकालाच्या दिवसाचं अजून थोडं राहिलं. बाई बाहेर आली तशी मानसिंगनं दोरी लपवली आणि आवाजात साखर घातली. "चल, कारभारीण. झालं गेलं इसरू. घर तुजंच हाय."

सोजरबाईनं पदर खोचायला म्हणून डावा हात वर केला. पदर खोचायलाच, मी पायरीवरून पाहत होतो. मानसिंगला मात्र मुसळ आठवलं. तो गर्रकन मागे फिरला, तो थेट आपल्याच गाडीच्या जुवावर तोंडावर आदळला. समोरचे दोन दात मातीत पडले. रक्तानं सदरा माखला. सोजरबाईनं खाली वाकून पाहिलं, "मी हात सुदिक लावला न्हाय, समद्यांनी बगा," असं चारचौघांत सांगितलं आणि शरणम्माच्या खांद्यावर हात टाकून चालू लागली.

मानसिंगनं दोन्ही दात मुठीत धरून पंतांना गाठलं.

"वकीलशाब, याची भरपाई किती मिळंल?"

पंतांनी चष्मा पुसला आणि खरोखर पुस्तक उघडलं. हात, पाय, डोळा, अंगठा, बोटं, असं करत पान संपेपर्यंत बोट फिरवलं आणि अत्यंत खेदानं म्हणाले, "दात धरलेले नाहीत हो."