बघायला आले आणि पाणी ओतत बसले

माझा बघण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी होता आणि नेमकी शनिवारी आमच्या प्लेकोच्या मादीने अंडी घातली.

प्लेको म्हणजे टाकीची काच चाटून शेवाळं खाणारा मासा. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या दुकानातून मी ही जोडी आणली तेव्हा आई म्हणाली होती, "पैसे देऊन पाली आणल्यास?" नराच्या तोंडावर तर काटेरी मिशा. पण शनिवारी बघते तर हा मिशीवाला प्लास्टिकच्या नळीत नारिंगी अंड्यांच्या घोसावर बसलेला आणि वारा घालावा तसे पर हलवतोय! मादी मोकळी होऊन खुशाल काकडी खात होती. मी घरभर नाचले. बाबाही नाचले. आई म्हणाली, "उद्या माणसं यायचीत. वयाला शोभेल असं वागा दोघं."

रविवारी बदलापूरहून मुलगा आणि त्याची आई आमच्याकडे अंबरनाथला आली. आईने पोह्यांऐवजी उल्हासनगरचं सिंधी दालपकवान मागवलं होतं, डाळ आणि कुरकुरीत पुरीसारखं पकवान. पहिला घास तोंडात जातोय तोच लाइट गेली. पंख्याचं काही नाही, पण टाकीचा पंप थांबला. बुडबुडे बंद. खालून कुणीतरी ओरडलं, "ट्रान्सफॉर्मर उडाला!"

आता हवा मिळणार कुठून? थोड्या वेळाने मादी वर येऊन तोंड उघडू लागली. नर मात्र नळी सोडेना.

"स्वयंपाकाची आवड आहे का गं तुला?" त्याच्या आईने विचारलं.

"काकू, एक मिनिट हं," म्हणत मी पदर खोचला, प्लास्टिकचा मग घेऊन आले आणि टाकीतलंच पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतायला लागले. तेवढीच पाण्यात हवा मिसळते. आईने डोळे मिटून घेतले.

"नळीवर नका ओतू," मुलगा पकवान ठेवून उठला. "घाबरून बाहेर येईल तो. काचेच्या कडेला धार सोडा."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्याकडेही आहेत. जोडी म्हणून आणली होती. दोन्ही नर निघाले."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्याने बाह्या वर केल्या. माझा हात दुखला की तो, त्याचा दुखला की मी. "मोठा झाला की हा नाद सुटेल असं वाटलं होतं मला," म्हणत शेवटी काकूंनीच माझ्या हातातला मग हिसकावून घेतला. त्यांच्यानंतर बाबा. आणि शेवटी चक्क आई, एका हातात पकवान धरून. मुलामुलीला एकांतात बोलू द्यायची पद्धत असते, ते आमचं बोलणं टाकीशेजारीच झालं.

"काकडीच देता?"

"दुधी पण. उकडून."

"मी पण उकडूनच!"

लाइट आली तेव्हा अख्खी बिल्डिंग ओरडली आणि बुडबुडे बघून आम्ही पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या. काकूंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"आमचा होकार आहे," त्या म्हणाल्या. "तू विचार करून सांग, बाळा."

"हो," मी म्हणाले.

"अगं, विचार करते म्हण!" आई ओरडली.

पिल्लं निघाली त्या दिवशी तो ऑफिसातून थेट अंबरनाथला उतरला. काचेला चिकटलेली, पोटाशी बलकाचा पिवळा थेंब घेतलेली इवलीशी पिल्लं बघत आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि उगाचच हसत राहिलो. बाबा म्हणे सारखे दारातून डोकावत होते, पण आम्हाला पत्ताच नव्हता.

लग्नानंतर मी टाकीसकट बदलापूरला आले. त्या मिशीवाल्याने नंतर थांबायचं नावच घेतलं नाही. आता पिल्लं ठेवायला जागा नाही. नात्यात कुणाची वास्तुशांत असो की साखरपुडा, आम्ही पिल्लांची, पाण्याने फुगलेली पिशवी घेऊन हजर. पूर्वी लोक दारात आमचे चेहरे बघायचे, आता आधी हात बघतात.