मशीनच्या मुठीवरचे दोरे

बाबांनी छापून आणलेल्या कामगार संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालत मी लहानाची मोठी झाले. दानधर्म म्हणजे लोकांच्या हक्कांवर टाकलेलं पांघरूण, असं पुढे मीही लिहू लागले. आई मात्र वज्रेश्वरी देवीच्या तसबिरीला हात जोडायची. त्याच आईला न्यूमोनियानंतर श्वास पुरेना. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं, आणि हवेतून ऑक्सिजन काढणारं, विजेवर चालणारं मशीन विकत घेण्याची आमची ऐपत नव्हती.

कामतघर या यंत्रमागांच्या भागातलं आमच्या वस्तीचं मंडळ वर्गणीतून घेतलेलं मशीन गरजूंना वापरायला देतं. शेजारच्या सुमनवहिनी ते रिक्षातून घेऊन आल्या. त्याच्या मुठीला रंगीबेरंगी सूत गुंडाळलेलं होतं. माणूस बरा होवो वा जावो, मशीन परत करताना प्रत्येक घर एक दोरा बांधतं. ही अंधश्रद्धा आहे, असं मी म्हणाले. मी कात्री उचलली.

"कापू नको गं," वहिनी म्हणाल्या. "भाषण मंडळाच्या मीटिंगला दे. आत्ता प्लग लाव."

एका दुपारी वीज गेली. गल्लीतल्या कारखान्यांतले सगळे लूम एकदम थांबले आणि मशीनही. त्या शांततेत आईच्या छातीची धाप तेवढी ऐकू येत होती. तिचे ओठ काळवंडले. फोन करूनही ऑक्सिजनचा सिलिंडर कुठेच मिळेना. खिडकीतल्या उन्हात कापसाची तुसं तरंगत होती, खाली येतच नव्हती. मी आईचा हात धरला आणि तिच्या देवीला म्हटलं, मला काही सुचत नाही, आता तूच बघ.

समोरच्या कारखान्यात जनरेटर सुरू झाला. लूम खडखडले आणि लगेच बंद पडले. जनरेटर मात्र चालूच होता. आमच्या दारात त्या कारखान्याचे मालक, पांढऱ्या दाढीचे चाचा उभे होते, खांद्यावर वायरचं वेटोळं.

"आमच्या लांब शिफ्टविरुद्ध पत्रक काढणारी तूच ना? भांडण नंतर करू. मंडळाचं मशीन सध्या तुमच्याकडंच हाय ना, कुठं ठेवलंय?"

"तुमचे लूम?"

"जनरेटर दोन्ही ओढत न्हाय. कापड काय, उद्या विणू."

वायर जोडताच मशीन पुन्हा घरघरू लागलं. हळूहळू आईच्या ओठांवर रंग आला. चाचांनी मुठीवरचा एक विटका निळा दोरा बोटाने चाचपला.

"हा आमचा. अम्मी याच मशीनवर होती. शेवटी तडफडली न्हाय, शांत गेली. मंडळाला वर्गणी देतो ना, तेव्हा वाटतं, कुणाच्या तरी घरात अम्मी अजून श्वास घेतेय."

आई पुटपुटली, "त्यांना चहा ठेव."

"चहा राहू दे, ताई. तुम्ही श्वास घ्या."

आई बरी झाली. मशीन परत देताना मी चाचांच्याच कारखान्यातून सूत मागून आणलं आणि आईने मुठीवर माझ्याच हातून गाठ मारून घेतली. पत्रकं मी आजही लिहिते, शिफ्टबद्दलही. आजारी माणसाला ऑक्सिजन मिळणं हा हक्कच आहे. पण त्या दुपारी माझे शब्द संपले तेव्हा जे दारात आलं, त्याच्यापुढे मी आजही हात जोडते. त्याला नाव द्यायचा हट्ट मी सोडला आहे.

आता वीज गेली, लूम गप्प झाले, की मी हातातलं पेन ठेवून आधी बाहेर पडते. मशीन सध्या कुणाच्या घरी आहे, ते मला ठाऊक असतं.