नव्या गाडीचा ब्रेक

मंडळी, आज सकाळी एका मित्राची नवी सुपरस्पोर्ट बाइक आणि आमच्या घरातली त्याच मॉडेलची आधीच्या पिढीतली गाडी, दोन्ही गिरणारे रोडवर आलटून पालटून चालवल्या. तुलना लिहीन असं तुम्हाला कबूल केलं होतं.

नवीचं इंजिन जरा मवाळ वाटलं. जुनीच्या आवाजाने अजूनही अंगावर काटा येतो. एवढंच लिहिणार होतो.

पण एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांचा ओला चिखल पसरला होता. मी घाबरून नवीचा ब्रेक करकचून दाबला. लिव्हर बोटांखाली थरथरला, एबीएसने चाक लॉक होऊ दिलं नाही. गाडी सरळ थांबली. मी चिखलात पाय टेकले.

जुनीत एबीएस नाही. माझा धाकटा भाऊ नितीन अशाच चिखलात तिच्यावरून पडला. त्याचा उजवा गुडघा आता वाकत नाही. तो खरं तर नव्या मॉडेलसाठी थांबणार होता. "एबीएस नवशिक्यांना लागतं, जुनीच घे," असं मीच याच ग्रुपवर लिहिलं होतं. तुम्ही सगळ्यांनी त्यावर थम्ब्स-अप टाकले होते.

बॅटरी उतरू नये म्हणून नितीन अजून दर रविवारी जुनीच्या शेजारी उभा राहून ती सुरू करतो. मी घरी आलो तेव्हा तिथेच होता.

"दादा, नवी कशी आहे रे?"

"काही विशेष फरक नाही."

त्याने माझ्या बुटांवरचा चिखल पाहिला. "मी ब्रेकचं विचारतोय."

तेव्हा सल्ला द्यायला आपण सगळे होतो. आता सांगा, त्याला काय उत्तर देऊ?