ठिपक्यांच्या कारखान्यात मी

रशियन साहेब मायदेशी निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कोणी किटली घेतली, कोणी शेगडी. मी मोठा शहाणा, भिंतीवरचं चित्र मागितलं. साहेबांनी स्वतः काढलेलं. आपला भिलाईचाच पोलादाचा कारखाना, पण रेघ म्हणून नाही, सगळे रंगीत ठिपके.

क्वार्टरच्या समोरच्या खोलीत टांगलं आणि फसलो. हे चित्र दुरून पाहायचं, आणि खोली आमची चार पावलांची. जवळून नुसती पुरळ दिसायची. बायको म्हणाली, याला गोवर आलाय, कडुनिंबाचा पाला आणू का? मी थोडाच हार मानतोय! आलेल्या माणसाला अंगणात उभं करून दारातून आत बघायला लावायचो, वर डोळे बारीक करायला सांगायचो. पुढेपुढे शेजारी अंगणातूनच खुशाली विचारून सटकू लागले.

खरी गोम वेगळीच होती. बाबांचं आयुष्य नागपूरकडे रेल्वेत गेलं. त्यांनी लावून दिलेली रेल्वेची नोकरी सोडून मी इथं आलो, आणि पत्रात ठोकून दिलं की मी भट्टीवर लोखंड वितळवतो. प्रत्यक्षात मी स्टोअरमध्ये कामगारांना हातमोजे वाटायचो. साहेबांशी ओळखही मोज्यांपायीच झालेली. आता बाबा येणार होते आणि चित्र माझ्या बाजूनं साक्ष देणार होतं.

बाबा आले. डोळ्यांत मोतीबिंदू. मी त्यांना अंगणात नेणार, तर ते खाटेवरूनच म्हणाले, हे धुराडं, ही भट्टी, दिवस बुडायला आलाय. आम्ही डोळे बारीक करकरून थकलो होतो, त्यांना आपसूक दिसलं.

"यात तू कोठी हायेस?"

भट्टीला लागून असलेल्या एका लाल ठिपक्यावर मी बोट ठेवलं. छाती काढून.

बाबांनी उठून तो ठिपका चाचपला. बायकोनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. मग म्हणाले, "तुही चिठ्ठी आली का तुही माय त्या दिवशी जेवत नाही. इतक्या आगीपाशी नको उभा राहू, पोरा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगून टाकलं, की मी यात नाहीच. मी सावलीत, पंख्याखाली बसून मोजे वाटतो.

बाबा परत खाटेवर बसले. ताट ओढून जेवू लागले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मध्येच एकदा मान वर करून विचारलं, "पंखा नीट चालते ना?"