पायातून निसटलेली चप्पल

हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. देवालासुद्धा नाही. गुरुवारी दत्तमहाराजांना हार घालताना एवढी एक गोष्ट वगळून बाकी सगळं बोलायचो.

कोथरूडला मी उठण्या-बसण्याच्या, उभं राहण्याच्या सवयी सुधारण्याचे वर्ग घेतो. आपण नकळत अंग आवळून धरतो आणि त्यानं मान, कंबर दुखते. ते आवळणं आधी जाणवायला हवं, मग सुटतं, असं हे शिक्षण. शैलाताई कंबरदुखीसाठी यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला तिरकस, रोज सकाळी पर्वती चढणाऱ्या. एकदा म्हणाल्या, "सर, डाव्या पायातली चप्पल मागे राहते आणि मला चार पावलं पुढे गेल्यावर कळतं."

मी म्हणालो, "लक्ष कमी पडतंय तुमचं." सगळा वर्ग हसला.

लक्ष हाच आमचा विषय, त्यामुळे माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला तेच उत्तर असायचं. खरं तर माझ्या गुरूंनी बजावलं होतं की कुठे बधिरपणा असेल तर हात लावण्याआधी डॉक्टरकडे पाठवायचं. ते मला त्या क्षणी आठवलंही होतं. पण ताई बऱ्या होताहेत असं मी चारचौघांत सांगून बसलो होतो. पुढे दोन महिने मी त्यांना पावलाकडे लक्ष द्यायला लावलं आणि त्याही बिचाऱ्या मन लावून देत राहिल्या. शेवटी पाऊल उचलेनासं झालं. शस्त्रक्रिया झाली, पण नस दबून फार दिवस झाले होते. पर्वती कायमची सुटली. वर्गात कुणी विचारलं की मी सांगायचो, ताईंनी क्लास सोडला.

गेल्या दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात फुलं घ्यायला गेलो होतो. शेवंतीची पिशवी उचलायला वाकलो आणि अशी उसण भरली की वाकलेलाच राहिलो. माणसं बाजूनं जात होती. वेदनेपेक्षा लाजच जास्त वाटत होती. तेवढ्यात एका पिकल्या केसांच्या हमालानं हातगाडी थांबवली. "सरळ व्हायला बघू नका साहेब. भार माझ्यावर टाका." मला टाकता येईना. अंग सैल सोडा, असं इतकी वर्षं लोकांना शिकवलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं की मला ते येतच नाही. तो घाई न करता तसाच उभा राहिला. अखेर मी त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

त्यानं मला एका रिकाम्या क्रेटवर बसवलं, समोर उकिडवा बसला आणि माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "चप्पल पायात ऱ्हातीय न्हवं? आपसूक निघत न्हाई ना? तसं असंल तर अंगावर काढू नका. आमच्यातला एक गडी असाच बसला कायमचा."

मी मान हलवली आणि रडायला लागलो. कंबर दुखतेय म्हणून रडतोय असं त्याला वाटलं असणार. डोळे पुसून वर पाहिलं तर तो गाडी घेऊन गर्दीत गेलेला. तो एक हमाल होता, एवढंच मी कुणालाही सांगेन. तो प्रश्न मला कुणी विचारला, ते माझं मला ठाऊक आहे.

चालता येऊ लागल्यावर शैलाताईंकडे गेलो. त्या पायाला पट्टा बांधून बसल्या होत्या. गुरूंनी बजावलेलं, मला आठवलेलं, मी दडवलेलं, सगळं सांगितलं. त्यांनी हात पुढे करून पायाचा पट्टा नीट केला. मग म्हणाल्या, "इतके दिवस मी समजत होते, माझंच लक्ष कमी पडलं."

याहून कठोर त्या काही बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी जायला उठलो तेव्हा म्हणाल्या, "हे वर्गात सांगा. तेव्हा हसले होते ना सगळे."

सांगितलं. काहीजण पुन्हा आले नाहीत. ताईंनी क्षमा केली की नाही, मी विचारलेलं नाही. ओझं उतरलेलं नाही. पण ते एकट्यानं आवळून धरायचं नसतं, एवढं महाराजांनी शिकवलं. आता गुरुवारी हार घालताना काही वगळत नाही. आणि नवा माणूस आला की त्याच्या पाठीला हात लावण्याआधी चपलेचं विचारतो.